नळीला विचारलंस का?

आमच्या देगलूरच्या घरात दोन पळ्या होत्या. एक आईच्या आमटीची आणि दुसरी अण्णांच्या शिशाची. शिशाच्या पळीनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही आणि शिशाच्या हातानं भाकरीला शिवायचं नाही, हे आईचे दोन कायदे होते. त्यांना माफी नव्हती. परसात न्हाणीच्या दगडाशेजारी वाडगाभर कोळलेली चिंच कायम ठेवलेली असे. कामावरून उठलं की आधी राख, मग चिंच, मग पाणी. मग हात आईला दाखवायचे आणि तिनं मान हलवली तरच ताट. बंदुकीच्या कारागिरीत पंचक्रोशीत नाव असलेले माझे अण्णा शाळकरी पोरासारखे तिच्यासमोर तळवे उलटसुलट करत उभे राहायचे, आणि ती "नखं?" म्हणाली की मुकाट्यानं परत न्हाणीकडे वळायचे. शिसं अंगात भिनतं हे तिला कुणी सांगितलं असेल, देव जाणे. तिला सही करता येत नव्हती. आता सत्तरी उलटल्यावर माझे रक्ताचे कागद बघून लातूरचे डॉक्टर "ठणठणीत आहात" म्हणतात, तेव्हा मी मनातल्या मनात त्या चिंचेच्या वाडग्याला हात जोडते.

अण्णांकडे बंदूक दुरुस्तीचा आणि काडतुसं भरायचा परवाना होता. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथं ठासणीच्या बंदुका यायच्या, पण अण्णांचा जीव होता तो फौजेतून बाद झालेल्या जुन्या रायफलींवर. निजामाच्या फौजेत कुणाचा आजा, कुणाचा सासरा नोकरीला होता; कुठून कुठून फिरत त्या रायफली परवान्यासकट घराघरांत येऊन बसल्या होत्या. त्यांची काडतुसं बाजारात मिळेनाशी होऊन जमाना झाला होता. मग काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या सोन्यासारख्या जपायच्या, पुन्हा पुन्हा भरायच्या, आणि त्यांच्या तोंडात बसायला शिशाच्या गोळ्या घरी ओतायच्या. नुसतं शिसं फार नरम. नखानं ओरखडा निघतो. म्हणून त्यात नांदेडच्या एका छापखान्यातले अक्षरांचे झिजलेले खिळे मिसळत. ज्या अक्षरांनी आदल्या पिढीच्या लग्नपत्रिका छापल्या ती कढईत हळूहळू वितळताना बघायला मला फार आवडे. 'श्री' असलेला खिळा मात्र आई आधी निवडून बाजूला काढायची. त्यामुळे आमच्या देवघरात पंधरा-वीस श्री झाले होते.

गोळीला बाहेरून वंगण लागे. बाकीचे कारागीर चरबी वापरत. आमच्याकडे मेण आणि एरंडेल, कारण गिऱ्हाइकं बहुतेक लिंगायतांच्या घरची, चरबीचं बोट लागलेली वस्तू त्यांनी घरात घेतली नसती. सकाळच्या वेळी पुढच्या खोलीत मेण पातळ होत असे आणि मागच्या खोलीत जवसाची चटणी कुटली जात असे. ते दोन वास मधल्या दारात भेटायचे. साच्याचं तोंड उघडायला अण्णा लाकडी ठोकणीनं एक टोला देत, आणि गोळी ओल्या गोणपाटावर पडून चुर्र करी. टोला, चुर्र, टोला, चुर्र. त्या तालावर आई मागे भाकरी थापायची. तिनं थापायचं थांबवलं की अण्णाही थांबत, कारण त्याचा अर्थ जेवण तयार झालं असा होता.

मी मॅट्रिकला गणितात गटांगळी खाऊन घरी बसले होते, तेवढ्यात अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मुलगा नव्हता. मी आपणहून ठोकणी हातात घेतली. एकोणीस वर्षांची होते. गावात "मिस्त्रीची पोरगी गोळ्या ओतून राहिली" म्हणून लोक मुद्दाम दुकानावरून जायचे. मला त्याचं भूषणच वाटायचं. बंदुकीच्या दारूचं माप मात्र अण्णांनी शेवटपर्यंत माझ्या हातात दिलं नाही. डोळे मिटून, बोटांनी चाचपून ते स्वतः घालत. बाकी सगळं माझं. माझ्या गोळ्या इतक्या चकचकीत निघत की मीच त्यांच्याकडे बघत बसे. अण्णा एकेक गोळी बोटात फिरवत आणि म्हणत, "दिसायला लई झ्याक झाल्या असत्याल. पन बसत्याल का?" मला वाटे, दिसत नाही म्हणून म्हातारा कुरकुरतो.

त्या वर्षीच्या गिऱ्हाइकांत शिवप्पा होते. त्यांना सगळे आप्पा म्हणत. उदगीरच्या वाटेवर त्यांचं गाव. शुद्ध लिंगायत घर, कधी अंड्याला शिवलेले नाहीत, पण घरात वडिलांची फौजी रायफल. तिचं काम वर्षातून एकदाच. दसऱ्याला गाव सीमोल्लंघनाला निघालं की तळ्याच्या बांधापुढे नारळ टांगायचा, आणि आप्पांच्या घरच्या रायफलीनं तो फोडायचा. नारळ फुटला की मग आपट्याचं सोनं लुटायचं. तो त्या घराचा मान होता. पण मानाला अटही होती: सलग तीन दसरे नारळ हुकला, तर मान दुसऱ्या घरी जायचा. एक दसरा हुकला होता, कुठून तरी विकत आणलेल्या गोळ्यांनी. दुसरा हुकला तो माझ्या गोळ्यांनी. मी रायफलीवर कोरलेला नळीच्या मापाचा आकडा बघितला, त्या आकड्याचा साचा काढला, दहा गोळ्या ओतल्या आणि आप्पांना म्हणाले, "डोळे झाकून उडवा." गावातल्या पोरांनी त्या दसऱ्याला म्हणे आप्पांच्या तोंडावर म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. मला ते कळलं तेव्हा मी सरळ आप्पांच्या थरथरत्या हातावर खापर फोडलं. वय तसं होतं, एवढंच म्हणते.

पुढच्या वर्षी, घट बसायच्या आधी चार दिवस, आप्पा दुकानात आले. एका हातात घोंगडीत गुंडाळलेली रायफल आणि दुसऱ्या काखेत एक जुनी फळी. सराव म्हणून त्यांनी माझ्या उरलेल्या गोळ्या त्या फळीवर उडवल्या होत्या. फळी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. गोल भोक एकही नव्हतं. सगळी लांबट, आडवी, कुलपाच्या भोकासारखी. आप्पा रागावले नाहीत. ते म्हणाले, "पोरी, तुझी गोळी झोपून येऊन राहिली बघ."

गोळी सरळ, भिंगरीसारखी फिरत जायला हवी. ही वाटेत कोलांट्या खात होती. अण्णांनी फळीवरून बोट फिरवलं. एक भोक, दुसरं, तिसरं. मग माझ्याकडे तोंड करून विचारलं, "सुमे, नळीला इचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. नळीला विचारायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. लहानपणापासून बघत होते. नरम शिशाचा एक गोळा तेल लावून नळीत ठोकायचा आणि गजानं हळूहळू रेटत पार बाहेर काढायचा. नळीच्या आतल्या पीळदार खाचांच्या, म्हणजे पिळाच्या, खुणा त्यावर उमटतात, आणि नळी आतून खरी किती रुंद आहे ते तो गोळा सांगतो. कोरलेला आकडा ही फक्त जन्माच्या वेळची गोष्ट. नळी त्यानंतर काय जगली ते आकड्याला माहीत नसतं. पण त्याला अर्धा दिवस लागतो, आणि माझ्यापुढे आकडा स्वच्छ कोरलेला होता. मी खाली मान घालून "न्हाई" म्हटलं. अण्णा म्हणाले, "औंदा ही रायफल लागली न्हाई, तर दुकानाची पाटी उतरवू. आंधळा मिस्त्री चालंल एकवेळ. न इचारणारा न्हाई चालत." आईनं मागे भाकरी थापायची थांबवली होती, पण जेवायला कुणी उठलं नाही.

मी गोळा रेटला. रायफलीत गोळा रेटताना हाताला घट्टपणा जाणवतो, गज कण्हतो. इथं तो लोण्यातून सुरी जावी तसा निघाला. मायक्रोमीटरवर धरला तर माझ्या गोळीपेक्षा नळी कितीतरी रुंद. एवढी रुंद व्हायला हजारो गोळ्या झाडलेल्या हव्यात, आणि ही बिचारी वर्षाला एक-दोन झाडणारी. अण्णांनी गोळा चाचपला, पिळाच्या खुणा कशा गुळगुळीत झाल्यात ते नखानं बघितलं आणि आप्पांना विचारलं, "घरी साफ कोन करतंय?"

"घरचीच की," आप्पा म्हणाले. "लई जपती."

अण्णा किंचित हसले. "आपन तिकडंच जाऊ," ते मला म्हणाले. "साचा घे संगं."

सातव्या माळेच्या दिवशी आम्ही त्यांच्या अंगणात पोचलो. तो सोमवार होता. अंगणात आप्पांच्या बायको, गौराक्का, पाट टाकून बसल्या होत्या. ठेंगण्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, हात कोपरापर्यंत चिंचेनं भिजलेले. समोर देवाची पितळी भांडी ओळीनं मांडलेली: समई, घंटा, तांब्या, ताम्हन. आणि त्याच ओळीत, ताम्हनाशेजारी, रायफल. गौराक्कांनी गजाला नारळाचा काथ्या गुंडाळला, तो चिंचेत बुडवला, विटकरीच्या भुकटीत लोळवला आणि नळीत घालून दोन्ही हातांनी घासायला सुरुवात केली. खर्र, खर्र. मी जन्मात इतकं जोरात घासलेलं बघितलं नव्हतं. गौराक्का लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं होतं, ही घरातली थोरली, हिला देवासारखी ठेव. तेव्हापासून दर सोमवारी देवाची भांडी आणि ही. एक सोमवार चुकला नव्हता.

त्या क्षणी मला जे झालं ते लिहायला लाज वाटते. मला आनंद झाला. चूक माझी नव्हती! आणि मी सगळ्यांसमोर, आप्पांसमोर, शेजारच्या दोन बायकांसमोर, टाळी वाजवावी तशी म्हणाले, "अक्का, तुम्हीच नळी खाल्ली की हो!"

गौराक्कांचा हात थांबला. मी उत्साहानं सगळं समजावून सांगितलं, विटकरीनं लोखंड कसं झिजतं, नळी कशी मोठी झाली, गोळी कशी सैल पडली. त्या ऐकत होत्या. शेवटी एवढंच विचारलं, "म्हंजे ह्यांचा नारळ माझ्यामुळं हुकला व्हय?" मग गज खाली ठेवला, पदराला हात पुसत आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. अण्णा ओसरीवर बसले होते. माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवून ते हळूच म्हणाले, "नळी कशी का झिजंना. तिला इचारायचं काम कुनाचं व्हतं?"

दुपारी आम्हाला हुग्गी वाढली, गव्हाची, गूळ घालून, वर तुपाची धार. वाढली ती सुनेनं. आप्पा आत जाऊन दोनदा बोलावून आले. हुग्गीसारखी हुग्गी, आणि मला ती आजही आठवते ती न खाल्ल्यामुळे. शेवटी मी ताटावरून उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. गौराक्का चुलीजवळ बसल्या होत्या, हातात चिंचेचा रिकामा वाडगा.

"अक्का, चूक माझी हाय," मी म्हणाले. "तुम्ही सांगितल्यासारखं केलंत. मी सांगितल्यासारखं न्हाई केलं."

त्या वाडग्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"आता नळी काय बारीक होत न्हाई. गोळी मोठी करावी लागंल. त्यासाठी माझा साचा आतून घासून मोठा करायचा हाय, केसाकेसानं, सगळीकडून सारखा. माझ्याच्यानं होईना. भुकटी खरबरीत लागली तर वाया जाईल."

त्यांनी मान वर केली. "साचा कशाचा हाय?"

"पितळाचा."

"पितळ व्हय?" त्या म्हणाल्या. पदर कंबरेला खोचला. "मग ते माझं काम हाय. सरक तिकडं."

मी देवघरात पुष्कळ बायका बघितल्या, पण त्या दुपारच्या गौराक्कांसारखी पूजा कुणाची बघितली नाही. विटकर पाट्यावर वाटून त्यांनी ती मलमलीच्या फडक्यातून गाळली, एकदा, दोनदा, तीनदा. बोटात धरली तर कुंकवासारखी लागायची. मी साच्यातल्या एका गोळीला दांडी बसवली, तिला ती भुकटी आणि एरंडेल चोपडलं, आणि साचा मिटून ती गोळी आत फिरवायची. मी फिरवायचे, त्या बघायच्या. माझा हात एका बाजूला दाबला गेला की "उगं भांडून नगं राहू त्याच्याशी" म्हणून माझ्या हातून काढून घ्यायच्या. गौराक्कांचा हात जणू काही करतच नाही असा फिरे. दर थोड्या वेळानं एक गोळी ओतायची आणि नळीतून काढलेल्या गोळ्याशी मोजायची. घरात चूल होती, पण शिशाची पळी स्वयंपाकघरात नको म्हणून मी अंगणात तीन दगड मांडले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझी माय शहाणी दिसती." खंडेनवमीच्या सकाळी गोळी नळीपेक्षा केसभर जाड भरली. तेवढीच हवी असते. अण्णांनी तीन काडतुसं भरली. आप्पांनी त्यातलं एक त्याच फळीवर उडवलं. फळी घेऊन पोरगं पळत आलं. आडव्या भोकांच्या मधोमध एक भोक, गोल. गौराक्कांनी त्यात बोट घालून बघितलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी सगळं गाव बांधाशी जमलं. ठाण्याचे जमादार होते, नारळ हुकला तर ज्यांच्या घरी मान जाणार होता ते लोक नवी धोतरं नेसून पुढेच उभे होते. आप्पांनी रायफल बैलगाडीच्या जुवावर टेकवली. त्यांची मान हलत होती, हात हलत होता. मी अण्णांचा हात धरून मागे उभी होते. मनात नुसतं चाललं होतं, चुकली तर पाटी गेली, चुकली तर मान गेला, आणि चुकली तर आत चुलीजवळ बसलेली ती बाई उरलेला जन्म स्वतःला खात राहील. आप्पांनी श्वास सोडला. बार झाला, आणि धुराच्या पलीकडचं कुणाला काही दिसायच्या आत अण्णा म्हणाले, "लागला." त्यांना तो आवाजावरूनच कळला होता. मग गाव ओरडलं. दोरीला नारळाची शेंडी तेवढी लोंबत होती.

पहिलं खोबरं आप्पांनी माझ्या हातात दिलं. म्हणाले, "हे घरी ने. गौरीला दे. म्हनावं, तुझा मान हाय." मी धावत गेले. गौराक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. बार त्यांनी ऐकला होता. खोबरं त्यांनी दोन हातांत घेतलं, मोडलं, अर्धं मला दिलं आणि माझ्या गालाला चिंचेचा वास असलेला हात लावला. आमची पाटी पुढे तीस वर्षं राहिली. अण्णांनी ती उतरवायची गोष्ट पुन्हा काढली नाही. मी ज्या कामावर पोट भरलं, संसार केला, ते मला अण्णांनी शिकवलं हे खरंच. पण ते माझ्याकडे राहू दिलं त्या बाईनं, आणि तेही मी तिला चारचौघांत दुखावल्यावर.

जाताना मी त्यांना बजावलं होतं, आता विटकर बंद, नुसतं तेलाचं फडकं फिरवायचं. त्या "हाव, हाव" म्हणाल्या. त्यानंतर दर वर्षी सातव्या माळेला मी त्यांच्या घरी जायचे आणि आधी नळीला विचारायचे. दर वर्षी नळी कणभर वाढलेली असायची. मी काही बोलायचे नाही. साचा काढायचे, देवळीतल्या डब्यातली त्यांचीच गाळलेली भुकटी घ्यायचे आणि त्या समोर बसून भोळ्या चेहऱ्यानं बघायच्या. त्या वर्षावर्षाचे शिशाचे गोळे मी एका डब्यात ठेवले आहेत. ओळीनं लावले तर नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही, मायक्रोमीटरला दिसतो.

मग एका चैत्रात गौराक्का गेल्या. त्या वर्षीही मी सातव्या माळेला गेले. आप्पा बाजेवर होते; नारळ आता मुलगा फोडत असे. रायफल कोपऱ्यात उभी होती, पहिल्यांदाच धूळ बसलेली. मी गोळा रेटला, पुसला, मोजला. पुन्हा मोजला. आदल्या वर्षीचा गोळा सोबत होता, तोही मोजला.

"किती वाढली गं?" आप्पांनी बाजेवरून विचारलं. म्हणजे त्यांनाही सगळं ठाऊक होतं, इतकी वर्षं.

"वाढली न्हाई, आप्पा."

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी साचा पिशवीत ठेवला. मग ते म्हणाले, "देवळीत तिचा डबा हाय. काढ. एकडाव फिरव."

मी बंदुकीची कारागीर. विटकर लोखंडाला काय करते ते माझ्याइतकं त्या मुलखात कुणाला ठाऊक नव्हतं. मी अंगणात पाट टाकला, गजाला काथ्या गुंडाळला, आणि आप्पांना आतपर्यंत ऐकू जाईल एवढ्या जोरानं नळी घासली.